अजून किती उरलंय

एक्सेलचा तक्ता उघडला की मी आकड्यांकडे नंतर बघते, आधी उजवी कड बघते. ओळी दोनेकशे आणि कडेच्या पट्टीतला ठोकळा मात्र आक्रसून एवढासा झालेला, असं दिसलं की समजायचं, आत काहीतरी दडलंय. कुणीतरी पार खाली, लाखभराव्या ओळीत, नकळत एक स्पेस टाकून ठेवलेली असते. नाहीतर हजारो रिकाम्या ओळींना चौकटी आखलेल्या असतात. तिथवर कुणी जात नाही, म्हणून ते कुणाला दिसतही नाही. फाईल मात्र जड होते, उघडायला वेळ लावते, आणि प्रिंट द्यायला जावं तर कोऱ्या पानांचा ढीग पडतो. कंट्रोल धरून एंड दाबलं की एक्सेल त्या दडलेल्या टोकाशी नेऊन सोडतं. त्या ओळी काढून टाकायच्या, फाईल सेव्ह करायची, की ठोकळा परत लांब होतो. २००३ च्या एक्सेलपर्यंत एका तक्त्यात ६५,५३६ ओळी असायच्या, २००७ पासून त्या १०,४८,५७६ झाल्या. एवढ्या अफाट जागेत आपण कुठे उभे आहोत आणि आपला पसारा कुठवर गेलाय, हे एका नजरेत सांगणारी वस्तू एकच, ती म्हणजे ही कडेची पट्टी, स्क्रोलबार. आमच्या टीममध्ये नवी मुलं आली की सूत्रं शिकवण्याआधी मी त्यांना ही पट्टी वाचायला शिकवते.

ती वाचायची असते, हेच मुळात लोकांच्या गावी नसतं. ती धरायची आणि खाली ओढायची, एवढंच ठाऊक. पण तिच्यात तीन गोष्टी एकदम सांगितलेल्या असतात. अख्खी पट्टी म्हणजे सगळा मजकूर. ठोकळ्याची लांबी म्हणजे त्यातला सध्या दिसतोय तेवढा भाग; दहा पानांतलं एक पान दिसत असेल तर ठोकळा पट्टीच्या दहाव्या हिश्श्याएवढा. आणि ठोकळा पट्टीत जिथे आहे तिथे आपण आहोत. त्याच्या वरची मोकळी जागा म्हणजे मागे टाकलेलं, खालची म्हणजे उरलेलं. बोटभरही रुंद नसलेल्या जागेत एवढी माहिती, एक अक्षर न लिहिता. शिवाय तोच ठोकळा धरून हवं तिथे जाताही येतं. मूठही तीच आणि मापही तेच. संगणकाच्या पडद्यावर माणसांनी जे जे काही घडवलं त्यात इतकी प्रामाणिक वस्तू मला दुसरी माहीत नाही. गेल्या काही वर्षांत ती आपल्या डोळ्यांसमोरून काढून घेतली गेली आहे, आणि ते बरं झालेलं नाही, हे मला मनापासून सांगायचं आहे.

वाचणाऱ्याला ‘किती झालं, किती राहिलं’ हे कळण्याची गरज संगणकाच्या फार आधीची आहे. निपाणीला आमच्या घरी आजोबा गुरुचरित्राचा सप्ताह करायचे. पोथी सुट्या पानांची, लाल फडक्यात बांधलेली. चौरंगावर ती सोडली की वाचलेलं पान उलटून पलीकडे जायचं, न वाचलेली पानं अलीकडे राहायची. दोन थर. एक वाढत जाणारा, एक उतरत जाणारा. आजी स्वयंपाकघराच्या दारातून त्या दोन थरांकडे नुसती बघायची आणि कुकर कधी चढवायचा, नैवेद्याचं पान कधी वाढायचं, ते ठरवायची. आजोबांना विचारावं लागत नसे. वाचताना त्यांच्याशी बोलायचंही नसे. पडद्याच्या कडेची पट्टी म्हणजे मला पोथीचे ते दोन थर वाटतात. काचेच्या मागे पानांची जाडी नसते, म्हणून ती कडेला काढून दाखवलेली.

ही सोय एका दिवसात किंवा एका डोक्यातून आलेली नाही. पालो आल्टोच्या झेरॉक्स पार्क प्रयोगशाळेत, १९७० च्या दशकात, खिडक्या, माऊस आणि सरकता मजकूर या गोष्टी एकत्र घडत गेल्या. तिथल्या स्मॉलटॉक या प्रणालीत पट्टी खिडकीच्या डाव्या अंगाला असायची आणि खिडकीत माऊस नेला की बाहेर निघायची. म्हणजे लपणारी पट्टी काही आजची नव्हे, पण पडदे तेव्हा लहान होते आणि जागेची चणचण खरी होती. डिसेंबर १९७९ मध्ये स्टीव्ह जॉब्ज तिथे गेले तेव्हाचा प्रसंग तिथले संशोधक अ‍ॅलन के यांनी लिहून ठेवला आहे. मजकूर झटक्याझटक्याने वर सरकतो हे जॉब्जना आवडलं नाही, तो सलग सरकेल का असं त्यांनी विचारलं. के यांचे सहकारी डॅन इंगल्स यांनी तिथल्या तिथे, चालू यंत्रणेत हात घालून, मिनिटभराच्या आत तो बदल केला. पाहुण्यांत जे प्रोग्रॅमर होते ते थक्क झाले. मला या गोष्टीत थक्क करतं ते वेगळंच. पहिल्या भेटीत, शेकडो नव्या गोष्टी समोर असताना, माणसाच्या डोळ्याला खुपलं ते मजकुराचं सरकणं. वाचणारा माणूस सरकण्याबद्दल फार हळवा असतो.

मग प्रत्येकाने आपापली रीत काढली. जॉब्ज यांच्याच नेक्स्ट संगणकावर, १९८८ नंतर, पट्टी डावीकडे होती आणि वर-खाली नेणारे दोन्ही बाण एकाच कोपऱ्यात शेजारी शेजारी, म्हणजे हात फार हलवायला नको. विद्यापीठांतून आलेल्या एक्स विंडोजच्या जुन्या पट्टीवर माऊसचं डावं बटण दाबलं की खाली, उजवं दाबलं की वर. बेंगळुरूत सन कंपनीच्या यंत्रांवर काम केलेल्या पिढीची बोटं अजून ती सवय विसरलेली नाहीत. आणि आपल्याकडे सगळ्यांनी शिकून घेतलेली पट्टी म्हणजे विंडोजची. विंडोज ३.१ मध्ये ठोकळा कायम एकाच मापाचा, चौकोनी. चार ओळींचं पत्र असो की चारशे पानांचा अहवाल, चौकोन तेवढाच. कुठे आहोत ते कळे, किती आहे ते कळत नसे. २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं आणि त्यात ठोकळा मजकुराप्रमाणे लहानमोठा होऊ लागला. स्टार्ट बटणाचा तेव्हा केवढा गाजावाजा झाला! माझ्या मते त्या आवृत्तीतली खरी वाचकाची कमाई हा बदलता ठोकळा होता, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

मी बेंगळुरूत आले ती वायटूकेच्या धामधुमीत. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, धारवाड इथून पोरं रात्रीच्या गाडीने येत होती आणि सकाळी थेट मुलाखतीला जात होती. इथे आल्यावर ज्या पडद्यांवर काम मिळालं ते मात्र खिडक्यांचे नव्हतेच. काळ्यावर हिरवी अक्षरं, माऊसचा पत्ता नाही. मेनफ्रेमवर एफ सात दाबलं की वर, एफ आठ दाबलं की खाली. एएस-४०० या यंत्रावर यादी एका पडद्यात मावत नसेल तर खाली उजव्या कोपऱ्यात ‘मोर’ असा शब्द उमटायचा आणि शेवटचा पडदा आला की तिथेच ‘बॉटम’. बस्स. किती पानं आहेत ते नाही, पण अजून आहे की संपलं, एवढं प्रत्येक पडद्यावर, न विचारता. ज्यांच्याकडे चित्र काढायची सोय नव्हती त्यांनीही वाचणाऱ्याला अंधारात ठेवलं नाही. पुढे चित्रांचे पडदे आले, लाखो रंग आले, आणि नेमकी ही एवढीशी बाब कुणालातरी अडगळ वाटू लागली.

त्यानंतरची माझी बरीच वर्षं पडदे तपासण्यात गेली. पट्टी तपासणं हे बाहेरच्या माणसाला पोरखेळ वाटेल, पण तिच्यात भारी खाचाखोचा आहेत. मजकूर खिडकीत नेमका मावतोय, तेव्हा पट्टी नको. एक ओळ वाढली की हवी. पण पट्टी आली की ती आपली जागा घेते, मजकुराची रुंदी तेवढी कमी होते, ओळी मोडतात आणि मजकूर आणखी लांबतो. काही पडद्यांत तर पट्टी आली म्हणून आडवं मावेनासं होतं, मग खाली आडवी पट्टी येते, ती उंची खाते. कधी दोन्ही पट्ट्या एकमेकींमुळेच उभ्या असतात. एक काढली तर दुसरीची गरजच नसते. आणि वाईट लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये पट्टी येते, जाते, येते, जाते, अशी फडफडत राहते, कारण ती आली की नको असते आणि गेली की हवी असते.

आपल्या लिपीचा त्यात वेगळा पेच. विंडोज २००० पासून मराठी युनिकोडमध्ये दिसू लागलं ते सुलेखनकार र. कृ. जोशींनी घडवलेल्या मंगल या फाँटमध्ये. मंगलच्या ओळीला इंग्रजी ओळीपेक्षा उंची जास्त लागते. लागणारच, वर रफार आणि वेलांट्या, खाली उकार आणि ऋकार, सगळ्यांना जागा हवी. पण ‘एक ओळ खाली सरक’ याचा अर्थ अनेक प्रोग्रॅममध्ये इंग्रजी ओळीच्या उंचीवर बेतलेला असे. बाण दाबला की मराठी ओळ पाऊणच सरकायची. वरच्या ओळीचे उकार तेवढे कडेला लोंबत राहायचे, आणि अगदी तळाला गेल्यावर शेवटच्या ओळीचा खालचा भाग कापलेला. ठोकळा टेकलेला, खाली जागा नाही, आणि ‘कृपया’ मधला ऋकार गायब. असे पडदे मी कितीतरी परत पाठवले. ‘एवढ्याने काय बिघडतं, वाचता तर येतंय’ असं उत्तर यायचं. माझं म्हणणं एकच असायचं. पट्टी म्हणते आहे की संपलं, आणि ते संपलेलं नाही. हे खोटं आहे, आणि ते दुरुस्त व्हायला हवं.

मूठ आणि माप यांची फारकत झाली ती चाकामुळे. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टचा चाकाचा माऊस आला. त्याची मूळ कल्पना तिथल्याच एरिक मिशेलमन यांची. एक्सेलचे अवाढव्य तक्ते बघताना लोकांची होणारी दमछाक बघून त्यांना ती सुचली, आणि पहिल्यांदा डोक्यात होतं ते तक्ता जवळ-लांब करणं. सरकवणं नंतर आलं. चाक ही फार चांगली गोष्ट होती, त्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. माऊस पार उजव्या कडेला न्यायचा, अरुंद पट्टी नेमकी पकडायची, बटण दाबून धरायचं, या सगळ्यातून मनगटाची सुटका झाली. ज्यांनी दिवसचे दिवस असं काम केलंय त्यांना विचारा. पण त्या दिवसापासून पट्टी धरणारे हात कमी होत गेले. पट्टी उरली ती बघण्यापुरती. आणि जी वस्तू कुणी धरत नाही ती कुणी बघतही नाही, असा हिशोब पडदे घडवणाऱ्यांनी मांडला.

२००७ मध्ये आयफोन आला आणि बोटच मजकुरावर टेकलं. बोट उचललं तरी मजकूर थोडा वेळ धावत राहतो आणि टोकाला आदळून किंचित मागे येतो. त्या मागे येण्याचं पेटंट होतं, आणि अ‍ॅपल व सॅमसंग यांच्या खटल्यात २०१२ च्या ऑगस्टमध्ये ज्युरीने जे ठरवलं त्यात तेही होतं. टोक आलं हे माणसाला कळवण्याच्या एका रीतीवरून दोन कंपन्या कोर्टात भांडल्या, म्हणजे ते कळवणं किती मोलाचं आहे ते बघा. फोनच्या तळहाताएवढ्या काचेवर कायमची पट्टी ठेवायला जागा नाही, हे मला मान्य आहे. बोट फिरलं की ती दिसावी आणि मग विरून जावी, ही तिथली तडजोड समजण्यासारखी आहे. पण ती तडजोड २०११ च्या जुलैमध्ये मॅकच्या लायन आवृत्तीतून थेट टेबलावरच्या मोठ्या पडद्यांवर आणून बसवली. बाण गेले, पट्टी हात लागेपर्यंत अदृश्य झाली, आणि चाकाची दिशाही उलटली. आधी आपण खिडकी खाली न्यायचो, आता कागद वर ढकलायचा. बाकीच्यांनी पुढेमागे तेच केलं. चोवीस इंची पडद्यावर, जिथे दोन्ही बाजूंना वीतभर पांढरी जागा ओस पडलेली असते, तिथे सतरा पिक्सेलची पट्टी कुणाला जड झाली होती?

दिसायला स्वच्छ, म्हणतात. हे ‘स्वच्छ’ कुणासाठी, ते मला बेंगळुरूत, मल्लेश्वरमच्या आमच्या घरात बघायला मिळालं.

माझी आत्या बेळगावच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेली. थंडीत ती माझ्याकडे येऊन राहते. हात थोडे थरथरतात, बाकी चष्मा लावून पेपर पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचते. एका नोव्हेंबरात पेन्शनच्या कामाचा एक अर्ज ती माझ्या लॅपटॉपवर भरत बसली होती. मी आत काम करत होते. बऱ्याच वेळाने हाक आली.

“बाई गं, हे बटन मरगळून बसलंय बघ. कितीदा दाबलं, हलेना झालंय.”

मी येऊन पाहिलं. सगळे रकाने तिने नीट भरले होते. खाली एका चौकटीत अटींच्या दहा-बारा ओळी, आणि त्याखाली ‘मी सहमत आहे’ हे बटण, राखाडी. चौकटीतली शेवटची ओळ नेमकी पूर्णविरामाशी संपत होती. कडेला काही नाही. कुणालाही वाटावं, मजकूर एवढाच. मी त्या चौकटीवर दोन बोटं फिरवली. उजव्या कडेला एक करडी बारीक रेघ क्षणभर उमटली, मजकूर वर सरकला, रेघ पुसली गेली. अटी त्या चौकटीच्या सहापट लांब होत्या. तळाला पोचल्याशिवाय बटण जिवंत होणार नव्हतं.

आत्याने चष्मा सारखा केला. “अगं, मग ती रेघ आधी दिसायला काय झालं होतं तिला?”

मी म्हटलं, “बोट फिरवल्यावरच दिसते ती.”

“म्हणजे खाली आहे हे कळल्यावर, खाली आहे असं सांगते होय?”

आणि मग ती म्हणाली, “थांब आता. दाबू नको. एवढं सगळं वाचायचं होतं, मी वाचलंच नाही की.” तिने पहिल्या ओळीपासून सगळ्या अटी वाचल्या. एका अटीपाशी थांबून तिने मला त्याचा अर्थ विचारला, आणि पटल्यावरच बटण दाबलं. आयुष्यभर पोरांना ‘पान उलटून बघा, मागे प्रश्न आहेत का’ असं बजावणारी बाई ती. परीक्षेच्या पेपरावर खाली ‘मागे पाहा’ असं छापलेलं असतं. त्या अर्जावर तेवढंही नव्हतं.

कुणी म्हणेल, सवयीचा प्रश्न आहे, तरुणांना असं होत नाही. होतं. मी तरुण मुलांना पडद्यासमोर बसवून तपासण्या केल्या आहेत. पहिल्या पडद्याच्या तळाशी परिच्छेद नेमका संपला आणि कडेला पट्टी नसली, की हुशार मुलंही तिथेच थांबतात आणि ‘पुढचं बटण कुठंय’ म्हणून विचारतात. थरथरत्या हाताची गोष्ट तर निराळीच. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की लक्ष्य जितकं लहान आणि दूर, तितका तिथे हात न्यायला वेळ जास्त. रुंद पट्टी पडद्याच्या अगदी कडेला चिकटलेली असली तर माऊस उजवीकडे नुसता भिरकावला तरी चालतो; कड त्याला अडवते. चार पिक्सेलची, अर्धा सेकंद दिसणारी रेघ पकडायला सर्कशीतला नेम हवा.

बेंगळुरूबद्दल बोलताना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण नेमका हाच प्रश्न या गावाने एकदा फार गंभीरपणे घेतला होता. टाटा इन्स्टिट्यूटमधले, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधले, विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय हे चार प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअरचे विनय देशपांडे व त्यांचे सहकारी यांनी १९९८ च्या सुमारास सिम्प्युटरची कल्पना मांडली. हातात धरायचा, स्वस्त, लिनक्सवर चालणारा संगणक. एक यंत्र गावात अनेकांनी वापरायचं, ज्याची त्याची माहिती ज्याच्या त्याच्या स्मार्टकार्डावर. वाचता न येणाऱ्यासाठी यंत्रानेच भारतीय भाषेत बोलायचं. पडदा ३२० गुणिले २४० ठिपक्यांचा, म्हणजे एवढासा. माऊस नाही, आणि ज्याच्या हातात ते जाणार त्याने माऊस कधी बघितलेला नाही. मग मजकूर काचेत मावला नाही तर त्याने करायचं काय?

२००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेला अमिडा सिम्प्युटर बाजारात आला, त्यात या प्रश्नाचं एक सुंदर उत्तर होतं. आत हालचाल ओळखणारा सेन्सर होता. यंत्र हातात धरून मनगटाला हलका झटका दिला की पान उलटायचं. आयफोनच्या तीन वर्षं आधी, मल्लेश्वरमपासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या लोकांनी हे विचारात घेतलं होतं की पान उलटणं ही माणसाच्या मनगटाला आधीच येणारी गोष्ट आहे, ती शिकवावी लागू नये. सिम्प्युटर फार खपला नाही. काही ठिकाणी तो कामाला लागला. गोव्यात धेंपोंच्या खाणींवरून बंदरापर्यंत जाणाऱ्या लोहखनिजाचा माग ठेवायला तो वापरला गेला. मग मोबाईल स्वस्त झाले आणि त्याची गरज उरली नाही. पण त्यामागचा प्रश्न मला अजून मोठा वाटतो. समोरच्या माणसाला काय येतं, इथून सुरुवात करायची. आज याच गावात जे पडदे बनतात त्यांची सुरुवात बहुतेक वेळा, पडदा कसा दिसेल, इथून होते.

सिम्प्युटरच्याच सुमारास कर्नाटक सरकारने भूमी प्रकल्पात सुमारे दोन कोटी जमीन-नोंदी संगणकावर आणल्या. तालुक्याच्या खिडकीवर उतारा मिळू लागला तेव्हा तिथे दुसरा एक पडदा ठेवलेला असायचा, शेतकऱ्याकडे तोंड केलेला. आतला माणूस काय करतोय ते बाहेरच्याला दिसावं म्हणून. कडेची पट्टी मला त्या वळवलेल्या पडद्याच्या जातीची वाटते. यंत्राला जे माहीत आहे ते माणसालाही दिसलं पाहिजे. मजकूर किती लांब आहे हे यंत्राला प्रत्येक क्षणी पक्कं ठाऊक असतं. ते लपवण्याचं कारण काय?

कधी कधी कारण असतं, आणि ते चांगलं नसतं. मॅकिंटॉशचा प्रकल्प सुरू करणारे जेफ रास्किन यांना सरकत सरकत शोधणंच पसंत नव्हतं. १९८७ च्या कॅनन कॅट या यंत्रात त्यांनी शब्द टाईप करून थेट त्या जागी उडी मारायची सोय केली होती. त्यांचा मुलगा एझा रास्किन याने २००६ मध्ये तळच नसलेलं पान तयार केलं. खाली गेलं की आणखी येतं, संपतच नाही. पुढे समाजमाध्यमांनी आणि खरेदीच्या साईटनी ते उचललं, आणि माणसांचा किती वेळ त्यात जातो हे बघून त्याने स्वतः जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. अशा पानावर पट्टीला काही अर्थच उरत नाही. ठोकळा तळाशी पोचतो आणि लगेच उसळून वर जातो, कारण तळ आणखी खाली नेलेला असतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार खरेदीच्या साईटनी तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क दाखवायला हवा. तो मजकूर बहुधा पानाच्या अगदी तळाशी असतो. माझ्या एका बिघडलेल्या मिक्सरपायी मी अशाच एका साईटवर तो शोधत होते. तळाच्या ओळी दिसल्या, बोट न्यावं तोवर वीस नव्या वस्तू मध्ये येऊन पडल्या आणि तळ पुन्हा पळाला. तक्रारीचा पत्ता आहेही आणि हाताला लागतही नाही.

या गावात रोज हजारो मुलंमुली पडदे घडवायला बसतात, त्यांतली कितीतरी मराठी घरांतली. पट्टी लपवायला त्यांना एक ओळ लिहावी लागते, फार तर दोन. माझी त्यांना विनंती आहे की ती ओळ लिहू नका. पट्टी बारीक करा, तुमच्या रंगात रंगवा, पण दिसती ठेवा. आणि ज्या चौकटीत अटी, करार, औषधाच्या सूचना असतील तिथे तर ठेवाच.

बाकीच्यांना आपल्या घरी करण्यासारखंही थोडं आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, अ‍ॅक्सेसिबिलिटीत जा, व्हिज्युअल इफेक्ट्समध्ये पहिलंच बटण ‘ऑलवेज शो स्क्रोलबार्स’ असं आहे, ते चालू करा. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये अपिअरन्स, आणि तिथे ‘शो स्क्रोल बार्स’ पुढे ‘ऑलवेज’. मिनिटभराचं काम आहे. याने प्रत्येक साईटवरची पट्टी परत येईलच असं नाही, पण बऱ्याच ठिकाणी येते. घरात वडीलधारं माणूस संगणकावर वाचत असेल तर आजच हे करून द्या, आणि ठोकळा लहान-मोठा का होतो ते एकदा शेजारी बसून दाखवा.